बोदाची गाठ

बेळगाव,
सोमवार, ता. ४ जानेवारी १९३७

ती. आत्यास,
जयवंताचा सा. सलाम वि. वि.

तुझे कार्ड शनिवारी पोचले. त्यात तीन वाक्ये आहेत. एक तुझ्या खोकल्याबद्दल, दोन माझ्या प्रार्थनेबद्दल. खोकल्याला औषध पाठवते आहे. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, चमचा भरून. बाटली हलवून घे. गेल्या वेळी तू न हलवता घेतलेस आणि मग गुण येत नाही म्हणून मला लिहिलेस.

आता बातमी. निपाणीत मिशनचा नवा दवाखाना ईस्टरनंतर उघडणार, हे तुला माहीत आहे. डॉक्टरबाईंनी मला बोलावून सांगितले की तिथले औषधे तयार करण्याचे सगळे काम त्या माझ्याकडे सोपवणार आहेत. कपाटाची किल्लीही माझ्याकडेच राहील. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या बाजूला एकटीने किल्ली सांभाळणारी बाई कंपाउंडर अजून कुणी नाही. मी ते तपासलेले नाही, पण ऐकायला वाईट वाटले नाही.

म्हणजे मी तुझ्याकडे राहायला येणार. आई गेल्यावर तू मला घरी आणलेस तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि बोर्डिंगात आले तेव्हा बारा वर्षांची. त्याला अकरा वर्षे झाली. आता माझा पसारा म्हणजे एक ट्रंक आणि एक छोटा तराजू.

प्रार्थनेबद्दल तू विचारलेस, तर खरे ते लिहिते. सकाळी सातला आम्ही सगळ्याजणी उपासनेला बसतो. साडेसातला औषधांची खिडकी उघडते ती संध्याकाळी पाचला बंद होते. तेवढ्या वेळात मला देवाची आठवण एकदाही होत नाही. मन वजनात आणि मापात असते. ते तिथे नसले तर माणसे दगावतील. इथले पाद्रीबाबा म्हणाले की देवाच्या समक्षतेत राहणे ही निवड आहे आणि ती घडोघडी करावी लागते. घडोघडी म्हणजे किती वेळाने, हे ते बोलले नाहीत. तू मात्र तंबाखूच्या वखारीतल्या धुरळ्यात बसून हेच करतेस असे तिथल्या चर्चच्या मंडळीतले लोक सांगतात. कशी करतेस? मला भाव सांगू नकोस, रीत सांग.

प्रकृतीस जपावे. माझ्यावरचा लोभ आहे तितका पुरे, फक्त कमी होऊ देऊ नये.

तुझी भाची,
जयवंता


निपाणी,
ता. १० जानेवारी

चि. जयवंतास,
मनूआत्याचे तोंडभर आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र मी वखारीत नेलं आन् सगळ्या बायकांत वाचून दाखवलं. किल्लीचं दोनदा वाचलं. मालुबाई म्हणाली की पत्र वाचताना मनूचा आवाज पाद्रीबाबापरास मोठा निघतोय. निघंना का! त्येंच्या भाचीकडं कुठल्या कपाटाची किल्ली हाय?

भरमू मुकादम बी आलता ऐकाया. त्यो म्हणाला की आता वखारीतल्या बायका खोकला झाला की कामाला न यायला नवा बहाणा काढणार. मी म्हटलं, मुकादम, तुमच्या धुरळ्यानंच खोकला हुतोय, तवा पयली बाटली तुम्हीच न्या.

आता रीत इचारलीस ती सांगती. तुला ठावं हाय, तंबाखू चाळून, काड्या येचून झाल्या की पोत्यावानी बोद भरत्यात आन् त्येचं तोंड मी दाभण-सुतळीनं शिवती. एका बोदाला वीस-बावीस टाके. दाभण आत घालताना मी मनात म्हणती, 'हाईस न्हवं?' दाभण भाईर काढताना म्हणती, 'मी बी हाय.' झालं. एवढीच माझी प्रार्थना. मोठी प्रार्थना कराया मला येत न्हाय, पाद्रीबाबा करत्यात तसली, जेवण गार हुईस्तवर.

आधी मी बी तुझ्यावानीच हुते. ऐतवारी देव आन् सोमवारी तंबाखू. माझं मालक, तुझं मामा, वारल्यावर घरात बोलाया कोण न्हवतं, तवा पयल्यांदा त्येला इचारलं, हाईस न्हवं म्हणून. त्येनं काय उत्तर दिलं न्हाय. पर मला कळलं की इचारायला कुणीतरी हाय. तवापास्नं सोडलं न्हाय. पाद्रीबाबा तंबाखूच्या कामाला नाक मुरडत्यात. देव मुरडत न्हाय, निदान माझ्यासमोर तरी न्हाय.

तुझा दाभण तू हुडक. मला काय ठावं तुमच्या बाटल्यांचं?

औषध हलवून घेतलं. कडू हाय.

म्हातारीची माया तुला पुरून उरंल एवढी हाय, तवा मागून घेत जा.

तुझी आत्या,
मनुबाई


बेळगाव,
रविवार, ता. ३१ जानेवारी

ती. आत्यास,
जयवंताचा सा. सलाम वि. वि.

कडू असणारच. साखरेचा पाक घातलेले औषध तू दोन दिवसांत संपवतेस, म्हणून मुद्दाम घातला नाही.

तुझी रीत करून पाहिली. पहिला आठवडा अगदी वाया गेला. सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळी खिडकी बंद करताना आठवायचे, की ठरवले होते. मग माझ्या लक्षात आले की माझ्या कामातही दाभण आहे. आमचा पहिला नियम असा की बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचायची. कपाटातून काढताना एकदा, ओतताना एकदा, परत ठेवताना एकदा. दिवसात शेकडो वेळा हे घडते आणि हात ते आपोआप करतो. त्यालाच तुझे शब्द बांधले. ओतताना 'हाईस न्हवं?' आणि परत ठेवताना 'मी बी हाय.' आधी ते शुद्ध भाषेत म्हणून पाहिले. जमले नाही. तुझ्याच भाषेत म्हणावे लागते.

आता दहांतल्या सहा-सात वेळा तरी आठवण होते. कामाचा वेग कमी झालेला नाही. घड्याळ लावून पाहिले. ओततानाच्या त्या क्षणी डोळे कधीकधी आपसूक मिटतात. खिडकीबाहेर तीच गर्दी, तीच रडणारी मुले, तेच उशीर झाला म्हणून भांडणे. पण आतल्या बाजूला मी एकटी नाही असे वाटते. याहून जास्त लिहिले तर ते खरे राहणार नाही.

एवढे मात्र लिहायला हवे, की बोर्डिंगातल्या मुली तुझे काम विचारायच्या तेव्हा मी फक्त 'वखारीत आहे' असे सांगून विषय बदलत असे. आता कुणी विचारले तर बदलणार नाही.

वडीलपणाचा लोभ चालू ठेवावा.

जयवंता


निपाणी,
ता. १० फेब्रुवारी

चि. जयवंतास,
मनूआत्याचे आशीर्वाद, आन् एक पापा.

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. ह्ये वखारीत न्हाय वाचलं. ह्ये माझं.

काम करताना डोळं मिटत्यात म्हणतीस. मिटू देत गं. त्यो जवळ आला म्हणायचं. माझी भाची बाटलीतलं औषध ओतताना देवाला भेटती, ह्येच्यापरास मला आनिक काय पायजे?

मागली खोली रिकामी केली. जळण भाईर काढलं, भिंती चुन्यानं सारवल्या. भरमू मुकादमानं वखारीतली फळी आन् खिळं दिलं, तुझी पुस्तकं ठेवाया. फुकट दिलं, त्येच्या आईचा पाय सुजलाय, तवा त्येला बी तुझी गरज लागणार, ह्ये त्येला ठावं हाय. मालुबाई म्हणती, शिकल्याली पोर आपल्या चुलीवरची भाकरी खाणार न्हाय, तिला पाव लागंल. मी म्हटलं, तिला भाकरी मोजून लागती, एवढाच फरक.

मंडळीत सांगून झालं, बाजारात सांगून झालं. आता सांगाया निपाणीत माणूस ऱ्हायलं न्हाय. लौकर ये.

मायेनं वाट बघणारी,
आत्या


बेळगाव,
रविवार, ता. २८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
जयवंताचा सा. सलाम वि. वि.

हे पत्र वखारीत वाचू नकोस. काल जे घडले ते क्रमाने लिहिते.

शहापुरातल्या सिद्राम नावाच्या विणकराची बायको बायाक्का पोटात कळा येतात म्हणून आली होती. वय सुमारे तीस. डॉक्टरबाईंनी खुरासनी ओव्याचा अर्क लिहून दिला, आठ मात्रांची बाटली. तो अर्क आणि बेलाडोनाचा अर्क आमच्याकडे एकाच फळीवर असतात. रंग दोन्हींचा हिरवट तपकिरी, बाटल्याही सारख्याच. बेलाडोना त्याहून कितीतरी जहाल असतो. शुक्रवारी नवा माल आला तेव्हा फळीवरच्या जागा बदलल्या होत्या, आणि त्या मीच बदलल्या होत्या.

मी बाटली काढली. त्या वेळी चिठ्ठी वाचली असे मला वाटते. वाचली असेल तर ती डोळ्यांनी वाचली नाही, सवयीने वाचली. ओतताना डोळे मिटले आणि 'हाईस न्हवं?' म्हटले. परत ठेवताना 'मी बी हाय' म्हटले. म्हणजे चिठ्ठीची दोन वाचने मी काढून टाकली होती आणि त्यांच्या जागी तुझे शब्द ठेवले होते. हे एकाच दिवशी झालेले नाही. गेले महिनाभर हळूहळू असे होत आले असणार. मला ते कळले नाही.

शनिवारी खिडकी दुपारी एकलाच बंद होते. तेव्हा कपाट बंद करताना पाहिले, तर खुरासनी ओव्याच्या नव्या बाटलीचे लाखेचे सील तसेच होते. वापरल्याची नोंद होती आणि सील मोडलेले नव्हते. त्या दिवशी तो अर्क फक्त बायाक्काला लिहून दिलेला होता. म्हणजे मी ओतला तो शेजारचा बेलाडोना होता. मात्रेचा हिशेब करून पाहिला. एका वेळेला जास्तीत जास्त जेवढा द्यायचा, त्याच्या दुप्पट बेलाडोना तिच्या पोटात जाणार होता, आणि तोही दिवसातून तीनदा.

योग्य औषध नव्याने तयार केले, चिठ्ठी तीनदा वाचली आणि निघाले. टांगा मिळाला नाही. अर्ध्या तासात शहापुरात पोचले. शेवटचा रस्ता धावत गेले. बायाक्का रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. एक मात्रा घेतलेली, दुसरी चार वाजता घ्यायची. तोंड कोरडे पडले होते आणि सूत दिसत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा डोळे पुसत होती. तिला वाटले, उपाशीपोटी बसल्यामुळे होत असेल. मी बाटली बदलली आणि पाच वाजेपर्यंत तिथेच बसून दर पाव तासाने नाडी पाहिली. आज सकाळी उपासनेनंतर पुन्हा जाऊन आले. तिला सूत दिसते. ती बरी आहे.

औषध बदलायचे होते, एवढेच मी त्यांना सांगितले. हे खोटे नव्हते. खरेही नव्हते. सिद्रामने साऱ्या गल्लीला सांगितले की मिशनच्या दवाखान्यातली बाई स्वतः घरी येऊन औषध बदलून देते. त्याच्या आईने माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवून कडाकडा बोटे मोडली.

ती बाटली माझ्या ट्रंकेत आहे. मोरीत ओतली तर कुणालाही काही कळणार नाही. ईस्टरनंतर मी निपाणीला येईन, किल्ली घेईन, तुझ्या सारवलेल्या खोलीत राहीन.

काल संध्याकाळपासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. मी 'हाईस न्हवं?' विचारले तेव्हा तो तिथे होता. याबद्दल मला शंका नाही. 'मी बी हाय' म्हटले, ते मात्र खोटे होते. तो होता. मीच तिथे नव्हते.

उद्या सकाळी मी ती बाटली डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवणार. निपाणीचे काम हातचे जाईल. तू सगळ्या गावाला सांगून बसली आहेस हे मला ठाऊक आहे, आणि या सगळ्यात मला तेच जास्त जड जाते. मी तुझी परवानगी मागत नाही. दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये म्हणून लिहिते.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

जयवंता


निपाणी,
ता. २ मार्च

चि. जयवंतास,
मनूआत्याचे आशीर्वाद. आज दुप्पट.

लोभाचं लिहिलं न्हाईस म्हणून तुझ्या थोबाडीत मारावी वाटली. तो काय तुमच्या दवाखान्यातला माल हाय, संपाया?

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी कोळसा झाली. चूक तुझी हाय, पर निम्मी माझी हाय. डोळं मिटत्यात असं तू लिवलंस, आन् ही आत्या मिटू देत म्हणाली. कशाच्या भरात म्हणाली देव जाणे! अगं, मी दाभण चालवताना डोळं मिटलं असतं तर ह्या हाताला बोटं ऱ्हायली असती व्हय? टाका बघून घालायचा असतोय. बघत बघत त्येला इचारायचं असतंय. त्येच्यासमोर बसायचं म्हणजे हातातलं काम बाजूला सारून त्येच्या तोंडाकडं बघायचं न्हवं. ह्ये सांगाया मी इसरले. मला वाटलं, ह्ये काय सांगायचं, दिसतंयच की. तू माझ्या मांडीला बसून बघितलंस, पर तवा तू सा वरसाची हुतीस, तू तंबाखूनं शिंकत हुतीस.

आज दुपारी भाकरी खाताना मी वखारीत उभी ऱ्हायले आन् सगळ्यांला सांगितलं, माझी पोर हितं येणार न्हाय, आन् का येणार न्हाय. कुणी इचारलं न्हवतं. पर फुगवून सांगाया मीच उभी ऱ्हायलते, तवा ह्ये बी मीच उभं ऱ्हाऊन सांगाया पायजे हुतं. मालुबाई बोललीच. म्हणाली, बरं झालं बाई, पोर आली न्हाय, न्हायतर भरमूची आई पायाऐवजी सोताच गेली असती. बायका हसल्या. मी ऐकून घेतलं. मग इचारलं, की तुमच्यापैकी कुणी आजवर शिवल्यालं बोद परत उसवून, ह्यात माझ्या हातनं काड्या ऱ्हायल्यात, असं मुकादमाला सांगितलंय का? असंल तर तिनं पुढं हसावं. एक बी हसली न्हाय. भरमू म्हणाला की त्यानं वीस वरसांत असं बोद बघितलं न्हाय.

तुला सांगती, किल्लीचं पत्र वाचताना माझी मान ताठ हुती. आज त्येच्यापरास ताठ हुती.

आनिक एक. डॉक्टरबाईला सांगणं सोपं हाय, ती तुझ्या शाळंची. त्या बायाक्काला सांग. बाटली तिच्या पोटात गेलती.

आन् बाटल्या सारख्या दिसत्यात म्हणतीस, तर आमच्यात खराब मालाच्या बोदाला मी दुहेरी गाठ मारती. वखारीत उजेड कमी, डोळं फसत्यात. हात लावला की बोट अडतंय आन् माणूस थांबतंय. तुम्ही एवढी शिकल्याली माणसं, तुमच्यात असलं काय न्हाय व्हय?

खोली तशीच हाय. आता तिथं कोंबडी अंडी घालाया बसती. तू आलीस की तिला हाकलू.

माया आटत नसल्याली,
आत्या


बेळगाव,
रविवार, ता. १४ मार्च

ती. आत्यास,
जयवंताचा सा. सलाम वि. वि.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. तिसऱ्यांदाही वाचले, नियमाप्रमाणे.

सोमवारी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळे सांगितले. डॉक्टरबाईंनी पेशंट कशी आहे ते विचारले, बाटलीत किती मात्रा उरल्या ते विचारले, आणि दुसरे व तिसरे वाचन का राहिले ते विचारले. शेवटच्याचे उत्तर देणे सगळ्यांत कठीण गेले, पण दिले. त्यांनी बाटली फिरवून चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या की देवाला चिठ्ठी वाचता येते, पण ते काम त्याने मला दिले आहे.

निपाणीला कोल्हापूरकडचे एक अनुभवी कंपाउंडर जातील. मी इथेच. सहा महिने मी जहाल औषधांच्या कपाटातून काढलेली प्रत्येक बाटली दुसऱ्या कुणीतरी पाहायची. मी म्हटले, योग्य आहे. त्या म्हणाल्या की योग्य आहे की नाही हे त्यांनी मला विचारलेले नाही.

त्याच संध्याकाळी, तुझे पत्र येण्याआधीच, शहापूरला निघाले होते. अर्ध्या वाटेवरून परत आले. तुझे पत्र आल्यावर पूर्ण वाट गेले. सिद्रामने माग थांबवला. सगळे ऐकले आणि मला जायला सांगितले. आवाज चढवला नाही, पण माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याच्या आईने उतरवलेली दृष्ट परत घेता येत असती तर तिने घेतली असती. बायाक्का एकच बोलली. त्या दुपारी आपले डोळे गेले आणि आता कांड्या कोण भरणार, म्हणून ती तोंडात पदर घालून रडली होती, आणि मला ते ठाऊक असायला हवे, असे ती म्हणाली. आता ठाऊक आहे.

ती परत येईल असे मला वाटले नव्हते. बुधवारी खिडकीत तिसरा नंबर तिचा होता. तिने औषधाचा कागद दिला आणि म्हणाली की बाटलीवर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण तिला वाचता येत नाही आणि आता मलाही येते की नाही याचा तिला भरवसा उरलेला नाही. रांगेतल्या बायका हसल्या. मी वाचले. तिने तीनदा वाचायला लावले. बाटली परत ठेवतानाचे वाचनसुद्धा तिने सोडले नाही, खिडकीत मान घालून ऐकले. तिच्या मागे खासबागेतली एक म्हातारी होती. ती म्हणाली, पैसे तेच आहेत ना, मग मलाही वाचून दाखवा. आता रांगेतली प्रत्येक बाई तेच मागते. खिडकी अर्धा तास उशिरा बंद होते. डॉक्टरबाई येऊन पाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीची वेळ अर्ध्या तासाने वाढवल्याची पाटी लागली.

तुझ्या गाठीबद्दल. आमच्यात असले काही नाही. जहाल औषधांच्या बाटल्या सात आहेत. प्रत्येकीच्या गळ्याभोवती तुझी दुहेरी गाठ बांधावी असे मी डॉक्टरबाईंना सुचवले. ही कल्पना कुणाची, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, माझ्या आत्याची. ती निपाणीत तंबाखूच्या वखारीत बोद शिवते. विषय बदलला नाही.

बोदाची सुतळी पाठव, आणि एक गाठ मारून नमुना पाठव. मी करून पाहिली, ती सुटते.

तू वखारीत उभी राहिलीस त्याबद्दल काय लिहावे ते मला कळत नाही. म्हणून इतकेच की ते पत्र मी ट्रंकेत, बाटली होती त्या जागी ठेवले आहे.

लोभ संपणारा माल नाही असे कळले. आभारी आहे.

जयवंता


निपाणी,
ता. ६ एप्रिल

चि. जयवंतास,
मनूआत्याचे आशीर्वाद.

सुतळी पोचली म्हणून कळवलंस. गाठ सुटत न्हाय न्हवं? सुटायची न्हाय.

काल नवा दवाखाना उघडला. मंडळी जमली, पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, तीन पोरं तेवढ्यात झोपली. मी मागं उभी हुते. जायचं न्हाय असं ठरवलं हुतं, पर मग वाटलं, लपायला मी काय केलंय?

प्रार्थना झाल्यावर तुमच्या डॉक्टरबाई मंडळीत इचारत आल्या, बोद शिवणारी मनुबाई कोण म्हणून. पाद्रीबाबांचं तोंड बघाया हवं हुतंस. मी पुढं झाले. अंगावर वखारीचंच लुगडं, त्येला तंबाखूचा वास. बाई म्हणाल्या की बेळगावच्या बाटल्यांवानी हितल्या बी बाटल्यांला गाठी मारून पायजेत, आन् त्या ज्येची गाठ हाय त्येनंच माराव्यात. मला आत नेलं. नवं कपाट, काचंचं. नवा कंपाउंडर माणूस बरा हाय, पर त्येनं मला आधी हात धुवाया लावलं. मी धुतलं. मग त्येला म्हटलं, आता तुमी बी धुवा, बाटली धराया लागंल. बाई हसल्या.

नऊ गाठी मारल्या. एकेक गाठीला त्येला इचारलं, डोळं उघडं ठेवून. मग त्या नव्या माणसानं किल्ली फिरवली. खोटं कशाला सांगू, ती किल्ली तुझ्या हातात बघायची हुती. पर भाईर मालुबाई उभी हुती, तवा मी तोंड पुसलं आन् मान वर करून आले. तिनं इचारलं, आत काय केलंस. मी सांगितलं की दवाखान्यात आमच्या घरचा हात पयल्यांदा पोचला, आता दुसरा मागनं यील. मालुबाई काय बोलली ठावं हाय? म्हणाली, पोरीला लिव, येताना भीत येऊ नको, आमी तिच्याकडनं वाचून घिऊ. तीनदा.

भरमूच्या आईचा पाय उतरला.

किती बी लांब असलीस तरी माझ्या पदराखालीच हाईस, ह्ये ध्यानात ठेवून ऱ्हा.

आत्या


बेळगाव,
सोमवार, ता. १२ एप्रिल

ती. आत्यास,
जयवंताचा सा. सलाम वि. वि.

पत्र आज दुपारी खिडकीत मिळाले. रांग होती, म्हणून खिशात ठेवले आणि साडेपाच वाजून गेल्यावर वाचले. नऊ बाटल्या, म्हणजे तिथे आमच्याहून दोन जास्त आहेत. त्या कोणत्या, ते पुढच्या पत्रात कळव. कंपाउंडरला विचारलेस तर तो सांगेल. हात धुऊन विचार.

काल उपासनेनंतर बायाक्काने बोलावले म्हणून शहापूरला गेले होते. सिद्राम अजून माझ्याशी बोलत नाही. पण मी निघाले तेव्हा त्याने माग थांबवला आणि मला जायला वाट करून दिली. त्यात घाईने जास्त अर्थ वाचू नये. वाट अरुंद आहे.

तू विचारले नाहीस, तरी सांगते. अजून तुझी रीत सोडलेली नाही. क्रम बदलला आहे. गाठ बोटाला लागली की थांबते. चिठ्ठी मोठ्याने वाचते, डोळे उघडे ठेवून, तीनदा. 'हाईस न्हवं?' हे आता विचारत नाही. त्या शनिवारी तो तिथे होता हे मी पाहिले आहे, तेव्हा ते पुन्हा तपासण्याची गरज नाही. तपासायचे ते दुसरेच. म्हणून बाटली जागेवर ठेवली, की फक्त एवढे म्हणते, 'मी बी हाय.' आणि ते खरे असेल तरच म्हणते. आज दिवसभरात एकदाही गाळावे लागले नाही.

ऑगस्टअखेर सहा महिने पुरे होतात. आज डॉक्टरबाईंनी सहज विचारले की निपाणीला माझ्या राहण्याची सोय अजून आहे का. मी म्हटले, खोली आहे, पण तिथे सध्या कोंबडी बसते. त्यांनी ते लिहून घेतले.

तेव्हा कोंबडीला सप्टेंबरपर्यंत राहू दे.

तुझ्या पदराखाली असलेली,
आणि हे आता कुणालाही सांगणारी,
जयवंता